आईचे तास कुठे जातात? नोकरी आणि विशेष गरजांची मुलं सांभाळणाऱ्या नागपूरकर आईसाठी

दुधाच्या हिशोबाच्या वहीत, मागच्या पानांवर, मी गेल्या जानेवारीत एक आठवडा माझे तास लिहून काढले. मोठा नऊ वर्षांचा, त्याला ऑटिझम आहे, बोलणं तुटक. धाकटी आठची, एडीएचडी (लक्ष टिकत नाही, एका जागी बसवत नाही) आणि वाचनाची अडचण. नवरा बुटीबोरीला, शिफ्टची नोकरी. मी सदरला एका ऑफिसात अकाउंट्स बघते. सात दिवसांनी बेरीज केली तेव्हा थेरपीच्या पाच फेऱ्यांना सव्वाअकरा तास गेले होते. त्यात प्रत्यक्ष थेरपी पावणेचार तास. उरलेले साडेसात तास मनीषनगर ते धरमपेठ रस्त्यावर, स्कूटीवर, पुढे एक दप्तर आणि मागे एक पोरगं.

मुलांसाठी काय काय करायला हवं हे सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला आईचे किती तास लागतात, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून पुढचं सगळं मी तासांच्या हिशोबाने लिहिते आहे.

आधी सात दिवस नुसतं लिहा

काहीही बदलायच्या आधी हे करा. मोबाइलमधलं ॲप नको, वही बरी. चार रकाने पुरेत: प्रवास, वाट बघणं, कागदपत्रं-फोन, आणि मुलांसोबत खरोखर घालवलेला वेळ. स्वयंपाक-धुणं लिहू नका, ते कुणाला चुकलं नाही आणि ते लिहायला लागलं की वही तिसऱ्या दिवशी बंद पडते. माझी एकदा पडली होती.

आठवड्याच्या शेवटी ‘वाट बघणं’ हा रकाना बघा. कपातीची सुरुवात तिथून होते.

एक फाइल, तीन झेरॉक्स

प्रत्येक मुलाची वेगळी फाइल, वेगळ्या रंगाची. आमच्याकडे मोठ्याची निळी, धाकटीची केशरी. सगळ्यात वर एका पानाचा सारांश: जन्मतारीख, निदान कधी आणि कुणी केलं, चालू औषधं व त्यांचं प्रमाण, ॲलर्जी, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो. हे पान तुम्ही स्वतः लिहा. नवीन डॉक्टर, नवीन बाई, नवीन थेरपिस्ट, प्रत्येकाला पहिल्यापासून गोष्ट सांगण्यात जी वीस-वीस मिनिटं जातात ती या पानाने वाचतात. शिवाय मुलाच्या देखत त्याच्याच अडचणी मोजून दाखवाव्या लागत नाहीत, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

त्याखाली आधार, जन्मदाखला, रहिवासाचा पुरावा, सगळ्या चाचण्यांचे रिपोर्ट तारखेने, आणि फोटो डझनभर. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स आणि फोनमध्ये स्कॅन.

नाव तपासा. मोठ्याच्या एका रिपोर्टवर आडनावाचं स्पेलिंग आधारपेक्षा वेगळं पडलं होतं, एका अक्षराचा फरक. एका सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवरून आम्हाला दोनदा परत पाठवलं. दोन अर्ध्या रजा गेल्या. रिपोर्ट हातात पडला की तिथेच उभं राहून नाव, जन्मतारीख आणि बापाचं नाव वाचायचं, मगच निघायचं.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

‘कशाला शिक्का मारून घेतेस पोराला?’ असं मला माहेरहून विचारलं गेलं. मीही दीड वर्ष टाळलं. ते चुकलं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि त्यासोबतचं यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, तुमच्या कपाटात राहतं, लागेल तिथेच दाखवायचं असतं, आणि त्याच्याशिवाय एकही सवलत सुरू होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे. त्यात २१ प्रकार आहेत. ऑटिझम आहे, बौद्धिक दिव्यांगत्व आहे, सेरेब्रल पाल्सी आहे, अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन, गणिताची अडचण) आहे. एडीएचडी नाही. हे आधीच माहीत असलं तर चकरा वाचतात. ज्या मुलाला एडीएचडीसोबत अध्ययन अक्षमताही आहे, त्याला ती दुसरी अडचण धरून प्रमाणपत्र मिळू शकतं. अध्ययन अक्षमतेची तपासणी आठव्या वर्षी, म्हणजे साधारण तिसरीत होते आणि पुढे चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा. त्यामुळे पहिलीतल्या मुलासाठी या रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही. तोवर शाळेशी बोला, प्रमाणपत्रामागे धावू नका.

अर्ज ‘स्वावलंबन’ पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्यात रुग्णालय निवडावं लागतं. मेडिकल निवडा की मेयो, दोन्ही नागपूरची सरकारी रुग्णालयंच, आधी एकदा फोन करून किंवा कुणाला पाठवून विचारा की बालरोग-मानसोपचाराची दिव्यांग तपासणी कोणत्या वारी असते आणि टोकन किती वाजता सुटतं. बुद्ध्यांकाच्या चाचणीला, आपल्याकडे बहुधा बिने-कामत, वेगळा दिवस मिळू शकतो. तेही तेव्हाच विचारून ठेवा. ४० टक्के किंवा त्यापुढे दिव्यांगत्व असेल तर बहुतेक योजना लागू होतात. यूडीआयडी कार्डाचा रंगही त्यावर ठरतो: ४० च्या आत पांढरा, ४० ते ८० च्या मध्ये पिवळा, ८० आणि वर निळा. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं. मुदत संपायच्या तीन महिने आधीचा रिमाइंडर त्याच दिवशी फोनमध्ये टाका.

तपासणीच्या दिवसाचं एवढंच सांगते: घरचा डबा, दोन बाटल्या पाणी, बदलायचे कपडे आणि मुलाचं आवडतं काहीतरी. आमचा तीन तास बाकड्याखाली बसला होता, माझ्या चपलेचा पट्टा उघड-बंद करत. मी त्याला बाहेर काढायचा प्रयत्न केला नाही. आत गेल्यावर मात्र एक चूक टाळा. मूल त्या दिवशी नेमकं शहाण्यासारखं वागतं आणि आईला उगाच बरं वाटतं, मग ती ‘घरी सगळं करतो हो’ म्हणते. तिथे खरं सांगायचं: शी-शू सांगतो का, कपडे घालतो का, रस्त्यावर हात सोडून पळतो का. घरचे दोन-तीन छोटे व्हिडिओ फोनमध्ये ठेवलेले बरे.

हे मिळालं की पुढचे तीन कागद

पहिला, निरामय आरोग्य विमा. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची ही योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण, आणि थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेपर्यंत त्यात बसतो. वर्षाचा हप्ता किरकोळ आहे. न्यासाकडे नोंदलेल्या संस्थेमार्फत नाव घालता येतं. थेरपिस्टकडून दर महिन्याला सही-शिक्क्याची पावती घ्या. पैसे भरल्याचा मोबाइलवरचा मेसेज पावती म्हणून चालत नाही.

दुसरा, आयकर. १९६१ च्या कायद्यात कलम ८० डीडी म्हणून आलेल्या तरतुदीप्रमाणे ४० टक्के किंवा वर ७५ हजार आणि ८० टक्के किंवा वर १ लाख २५ हजारांची सरसकट वजावट मिळते, प्रत्यक्ष खर्च कितीही असो. पण जुन्या करप्रणालीतच. ऑफिसात नवी प्रणाली लिहून देण्याआधी दोन्हींचं गणित मांडा. मी स्वतः अकाउंट्समध्ये असून पहिल्या वर्षी हे मांडलं नव्हतं, आता काय बोलणार.

तिसरा, एसटीची सवलत. ती गावी जाणाऱ्यांना जास्त कामाची.

पालकत्वाचा कागद मूल अठराचं झालं की लागतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती तो देते. मूल आठ-दहा वर्षांचं असेल तर आज त्यावर एक मिनिटही घालवू नका.

थेरपी: नावाजलेली की जवळची?

माझं मत स्पष्ट आहे. जवळची.

शहरातल्या सगळ्यात नावाजलेल्या माणसाकडे दीड तास ये-जा करून पोहोचलेलं मूल पहिली पंधरा मिनिटं रडत असेल, तर तुम्ही तीस मिनिटांचीच थेरपी विकत घेता आहात. त्यापेक्षा घराजवळचा, नोंदणी असलेला, तुमच्याशी नीट बोलणारा थेरपिस्ट बघा. नोंदणी कशी बघायची? विशेष शिक्षक, स्पीच थेरपिस्ट आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ऑक्युपेशनल थेरपिस्टची महाराष्ट्राच्या स्वतंत्र परिषदेकडे. नंबर मागितला म्हणून चांगला माणूस रागावत नाही. खासगी फी परवडत नसेल तर मेडिकलमध्ये ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण देणारा विभाग आहे, आणि सीआरसी नागपूर हे केंद्र सरकारचं पुनर्वसन केंद्र आहे. रांग असते, पण खर्च नगण्य.

‘स्टेम सेल’ने ऑटिझम बरा करतो म्हणणारे भेटतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ सालीच ऑटिझमसाठी तो उपचार करू नये असं सांगितलेलं आहे. लाखांत पैसे जातात. तिथे वेळही घालवू नका.

मग मी थेरपिस्टना सरळ विचारलं, ‘आठवड्यातून तीनदाऐवजी दोनदा आणलं, आणि मधल्या दिवशी घरी पंधरा मिनिटं काय करू ते तुम्ही लिहून दिलं, तर चालेल का?’ त्या हसल्या. म्हणाल्या, ‘ताई, पंधरा मिनिटं रोज करणार असाल तर मला जास्त आवडेल.’ आता बुधवारी घराजवळ एक सेशन, आणि शनिवारी सकाळी दोघांचं एकाच ठिकाणी, शंकरनगरला, लागोपाठ. शनिवारी स्कूटी काढत नाही. जयप्रकाशनगरहून मेट्रो, सीताबर्डीला बदलायची, शंकरनगर चौकात उतरायचं. मोठा स्टेशनांची नावं ओळीने म्हणतो: छत्रपती चौक, अजनी, रहाटे कॉलनी, काँग्रेसनगर. स्पीचच्या बाईंनी तीच नावं घेऊन ‘आता’, ‘नंतर’, ‘संपलं’ शिकवलं. जो प्रवास आधी वाया जात होता तो थेरपीत जमा झाला. सव्वाअकरा तासांचे साडेपाच झाले.

शाळेशी बोलणं

४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शेजारची साधी शाळा की विशेष शाळा हे निवडायचा हक्कही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, म्हणून त्यांना उत्पन्नाचा दाखला लागत नाही. शाळेत हा कायदा पहिल्याच भेटीत टेबलावर आपटू नका, पण माहीत असू द्या.

वर्गशिक्षिकेकडे जाताना मागण्या तीनच घेऊन जा. मी धाकटीसाठी नेलेल्या तीन अशा: पहिल्या बाकावर, खिडकीपासून लांब बसवा; फळ्यावरचं उतरवून झालं नाही तर फोटो काढू द्या; आणि मोठ्याने वाचायला एकटीला उभं करू नका. दहा मागण्या नेल्या असत्या तर बाईंनी एकही लक्षात ठेवली नसती. त्यांच्या वर्गात पन्नास पोरं असतात, हेही खरं. बोलून झालं की त्याच संध्याकाळी ‘आज आपलं असं ठरलं, आभार’ असा साधा मेसेज पाठवा. पुढच्या वर्षी बाई बदलल्या की तोच मेसेज कामी येतो.

दहावीच्या परीक्षेत लेखनिक, जास्तीचा वेळ वगैरे सवलती विभागीय मंडळाकडून शाळेमार्फत घ्यायच्या असतात. नववीतच शाळेच्या कानावर घाला.

ऑफिसात काय मागायचं

‘जरा ॲडजस्ट करा ना सर’ असं मागितलं की साहेब हो म्हणतात आणि महिन्याभरात विसरतात. तुम्ही मात्र वर्षभर उपकाराखाली राहता. त्यापेक्षा लिहून द्या. माझा अर्ज चार ओळींचा होता: बुधवारी मी सव्वाचारला निघेन, त्याऐवजी सोमवार-मंगळवार पाऊण-पाऊण तास लवकर येईन, माझ्या मागे व्हाउचर अमुक सहकारी बघतील, त्यांच्याशी बोलले आहे, मार्च महिन्यात ही सवलत मी घेणार नाही, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. साहेबांनी वाचून एवढंच विचारलं, ‘मार्चचं नक्की ना?’

त्या सहकारी बाईंच्या दिवाळीच्या आठवड्यात त्यांचं काम मी करते. न सांगता. हे नसेल तर वरचा अर्ज टिकत नाही.

केंद्र सरकारी नोकरीत असाल तर बालसंगोपन रजा ७३० दिवसांची आहे आणि मूल दिव्यांग असेल तर वयाची अट लागत नाही. शिवाय दिव्यांग मुलाचा सांभाळ करणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदलीतून सूट मागता येते, तसा आदेश २०१४ पासून आहे. राज्य सरकारी बायकांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. खासगीत यातलं काही नाही, म्हणून तिथे अर्जाची भाषा आणि आधीचं तुमचं काम, यावरच सगळं.

सकाळची पन्नास मिनिटं

सकाळी ओरडून काही होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. फ्रिजवर एक पट्टी चिकटवा. आमच्या पट्टीवर सहा चित्रं आहेत, वेल्क्रोने लावलेली: संडास, दात, आंघोळ, कपडे, पोहे, बूट. झालं की चित्र काढून खालच्या डब्यात टाकायचं. टाकल्याचा ‘टप्’ आवाज मोठ्याला इतका आवडतो की तो आवाजासाठी दात घासतो. चित्रं मोबाइलवरून काढलेले त्याच्याच वस्तूंचे फोटो हवेत, त्याचाच हिरवा ब्रश. बाजारातल्या तक्त्यावरचा ब्रश त्याला ब्रश वाटत नाही.

शर्टाच्या कॉलरमागचं लेबल उसवून टाका, कापू नका. कापलेली कडा जास्त टोचते.

खाण्यावरून भांडण करायचं नाही असं मी ठरवलं आहे. तो पोहे खातो, शेंगदाणे नकोत, कांदा नको, आणि तर्री म्हणजे तर त्याला अत्याचार. नागपूरचं पोर आणि तर्री नको, असं सासरे अजून म्हणतात. आठवड्याला एक नवीन पदार्थ ताटाच्या कडेला, हात लावला नाही तरी चालेल, एवढाच नियम.

धाकटीचं उलट. तिला पट्टीचा कंटाळा येतो. तिला घड्याळाशी शर्यत लागते. आणि रात्री दहा मिनिटं तिची एकटीची, दार लावून. भावाच्या थेरपीत तिचं बालपण बाकड्यावर बसून जाऊ नये, हे मला शनिवारी दोघांचे सेशन लागोपाठ लावताना सुचलं: तो आत असतो तेव्हा ती आणि मी शंकरनगरच्या फुटपाथवर काहीतरी खात असतो.

घरची आणि बाहेरची माणसं

‘मदत करा’ म्हटलं की कुणी करत नाही, कारण काय करायचं ते त्यांना कळत नाही. काम नेमून द्या. माझ्या सासूबाईंना मोठ्याच्या रडण्याची भीती वाटायची. आता कपाटाच्या दाराच्या आतून एक कागद लावला आहे, मोठ्या अक्षरात: बोलायचं नाही. लाइट-टीव्ही बंद. उशी द्यायची. दहा मिनिटं वाट बघायची. ‘एवढंच करायचं?’ असं त्यांनी विचारलं होतं. कामाच्या मावशींनाही तोच कागद वाचून दाखवला.

नवऱ्याला शिफ्टमुळे जमत नाही, हे मी दोन वर्षं मान्य केलं. मग वही त्याच्यासमोर ठेवली. आता सगळे फॉर्म, पावत्या आणि निरामयचं नूतनीकरण त्याच्याकडे. रात्रपाळीच्या ब्रेकमध्ये करतो.

लग्नात कुणीतरी विचारणारच, ‘एवढा मोठा झाला, अजून नीट बोलत नाही काहून?’ एक वाक्य पाठ ठेवा आणि तेच म्हणा. माझं आहे, ‘शिकून राहिला तो, हळूहळू.’ मग ताट घेऊन पुढे जायचं.

आणि तुमची झोप सलग दोन आठवडे उडाली, रडू आवरत नाही असं झालं, तर टेलिमानस १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो. मी एकदा ऑफिसच्या जिन्यात बसून लावला होता.

आपला उन्हाळा

बाकी महाराष्ट्राच्या वेळापत्रकावर नागपुरात भिस्त ठेवू नका. आपल्या शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, आणि मधल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. दुपारी बारा ते पाच मूल घरात, तुम्ही ऑफिसात. सुट्टीची सोय एप्रिलच्या सुरुवातीलाच ठरवा: कोणत्या आठवड्यात आजी, कोणत्यात मावशी, कोणत्यात तुमची रजा. थेरपीची वेळ सकाळी आठची मागून घ्या, एप्रिलमध्ये मागितली तर मिळते.

कूलर हा वेगळा विषय आहे. मोठ्याला पंख्याचा घोंघाट चालतो, पण पंपाची मधली कुरकुर सहन होत नाही. आम्ही पंपाखाली जुन्या चपलेचा रबरी तुकडा ठेवला आणि आवाज गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीच्या वेळी मात्र इतवारीकडे जायचंच नाही. गणपतीत डीजे आला की नवऱ्याने आणलेले कारखान्यात वापरतात तसले इअरमफ. त्याच्या कानावर ते मोठे दिसतात, पण तो आता स्वतःच खुंटीवरून काढतो.

शाळा उघडायच्या आठ दिवस आधी तालीम करा. पहिले दोन दिवस नुसता युनिफॉर्म घालून घरात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बूट, दप्तर, आणि शाळेच्या वेळेला शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत. चौकीदाराला सांगून ठेवा. यंदा पाचव्या दिवशी फाटकाशी उभा राहून तो म्हणाला, ‘आता बंद. नंतर उघडं.’ चौकीदारकाकांनी त्याच्यासाठी कडी काढून दाखवली, पुन्हा लावली, आणि आम्ही परत आलो.